सात नंबरवरचा कुत्रा

आत्याचा राग साऱ्या इमारतीला ठाऊक होता. जिन्यात कुणी सायकल आडवी लावली की तिसऱ्या मजल्यावरून आवाज यायचा, आणि सायकल सरळ व्हायची. खरं तर ती भावाच्या मुलीची आत्या. पुढे भाऊ वारला, मुलगी लग्न होऊन दूर गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पोस्टमनसुद्धा "आत्यांचं पत्र" अशी हाक मारी. घरात आता दोघीच राहत, आत्या आणि तिची वहिनी. वहिनी देवाला मानणारी, मोजकं बोलणारी. दोघींची बारा महिने धुसफूस चाले, आणि एकीला ताप आला की दुसरीच्या घशाखाली घास उतरत नसे.

तीस वर्षं आत्याने टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. कानाला हेडफोन, समोर दोऱ्यांचं जाळं. पलीकडच्या माणसाने नुसता श्वास घेतला तरी तो कोण हे तिला कळायचं. "सावकारसाहेब, आज सर्दी दिसतेय," असं म्हणून तिने कित्येकांना दचकवलं होतं. देवाने मला रूप दिलं नाही, धीर दिला नाही, पण कान असे दिले की परत घ्यायला तो स्वतः आला तरी मी देणार नाही, असं ती म्हणायची, आणि वहिनी हळूच कानाला हात लावून देवाची माफी मागायची.

निवृत्त झाल्यावर हे कान रिकामे बसेनात. गावाच्या कडेला मोठं वनउद्यान आहे. त्यातून एक ओढा जातो आणि ओढ्याच्या काठाने पायवाट. आत्या तिथे फिरायला जाऊ लागली, फिरता फिरता पाखरांचे आवाज ओळखू लागली, आणि दोन वर्षांत अशी तयार झाली की उद्यानाच्या कचेरीने आठवड्याची पक्षीमोजणी तिच्याकडे सोपवली. दर गुरुवारी सकाळी फाटक उघडायच्या आधी आत जाण्यासाठी मागल्या दाराची किल्ली तिला मिळाली. ती किल्ली ती गळ्यात घालून झोपायची, असं वहिनी म्हणे. खोटं नव्हतं ते.

मोजणीची पद्धत आत्याने स्वतः घालून दिलेली. ओढ्याकाठी नऊ थांबे, प्रत्येक ठिकाणी नंबराचा खांब. प्रत्येक खांबापाशी दहा मिनिटं गप्प उभं राहायचं. कागदावर दोन रकाने, एक "दिसला"चा आणि एक "ऐकला"चा. जो पक्षी डोळ्यांनी पाहिला त्याची काडी पहिल्या रकान्यात, नुसता आवाज आला त्याची दुसऱ्यात. कचेरीत बेरीज होई ती फक्त पहिल्या रकान्याची. शिकायला म्हणून येणाऱ्या हौशी मंडळींना आत्या या एका गोष्टीवरून फाडून खायची. "पाहिलास का? मग मानेने हो काय म्हणतोस? कुठल्या फांदीवर होता ते सांग. नाही ना सांगता येत? मग पूस दिसलाची काडी." दोन गुरुवार टिकला तो वीर. तिसऱ्या गुरुवारी आत्या एकटीच असे. अशी अकरा वर्षं गेली.

त्या गुरुवारी मागल्या दाराने आत शिरताच फळ्यावर नवी सूचना दिसली. अक्षर मोठं होतं तरी तिने नाक फळ्याला टेकेपर्यंत पुढे होऊन वाचलं. ओढ्याच्या खालच्या काठाची माती ढासळत असल्याने तीन नंबरच्या खांबापासून पुढे काठाला दगडी अस्तर बांधण्यात येईल. काम सोमवारपासून सुरू. खालची ओळ वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पक्षीमोजणीनुसार खंड्या पक्षी वरच्या बाजूस, सात नंबरच्या परिसरात स्थलांतरित झाल्याचे दिसून येते. सबब या कामामुळे पक्ष्यांना बाधा पोहोचणार नाही."

तीन नंबरच्या उभ्या मातीत खंड्याची दोन बिळं होती. छोटा, निळा, ओढ्यावर बाणासारखा जाणारा पक्षी. मातीत हातभर खोल बीळ कोरतो आणि टोकाला अंडी घालतो. आत्याने दोन्ही बिळं स्वतः नोंदली होती. आत पिल्लं असणार, दिवस तेच होते. त्यावर आता दगड बसणार, वरून सिमेंट, आणि आतली पिल्लं आतच.

"स्थलांतरित," आत्या मोठ्याने म्हणाली. "तुमच्या आजोबांनी पाहिलं होतं का स्थलांतर?"

पण मोजणी आजोबांची नव्हती. मोजणी तिचीच होती. गेल्या आठ गुरुवारांच्या कागदांवर सात नंबरपुढे तिने स्वतःच्या हाताने काड्या ओढल्या होत्या. तीन, चार, चार, तीन. आणि ओढल्या होत्या त्या पहिल्या रकान्यात. तीन नंबरवर नुसता आवाज येई, म्हणून तिथल्या काड्या दुसऱ्या रकान्यात, जो कचेरी मोजत नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आत्याने तोवर कुणालाच सांगितली नव्हती. वर्षभर तिच्या डोळ्यांपुढे दुधाची साय आली होती. सुरुवातीला तिला दुर्बिणीचाच संशय आला. काचा पुसून झाल्या, मग नवी दुर्बीण घेऊन झाली, मग दुकानदाराशी भांडून झालं. शेवटी कळलं की साय काचेवर नाही. डॉक्टरकडे जायचं तर मोतीबिंदू हा शब्द ऐकावा लागणार, आणि तो कचेरीत पोचला की किल्ली जाणार. मग एका गुरुवारी सात नंबरवर खंड्याचा आवाज आला, तीक्ष्ण, स्वच्छ, चीं चीं. हिरव्यात काहीतरी हाललंही. तिने मनाशी म्हटलं, आवाज आलाय म्हणजे पक्षी आहेच, मग दिसला म्हणायला काय हरकत आहे. पहिली काडी ओढताना हात थोडा अडखळला. नंतरच्या काड्यांना अडखळला नाही.

त्या सकाळी मात्र ती एक-दोन-तीन करत थांबलीच नाही. तरातरा सात नंबर गाठला आणि खांबापाशी उभं राहायचं सोडून पायवाट सोडून थेट लव्हाळ्यात शिरली. आज बघणारच, पक्ष्यापुढे नाक नेऊन बघणार, मग कचेरीत जाऊन एकेकाचा समाचार घेणार. समोरून आवाज आला, चीं चीं. ती आवाजाच्या रोखाने गेली. पाय चिखलात रुतले. चीं चीं. आणि मग त्याच्या पाठोपाठ, नेहमीप्रमाणे, लांबून कुत्रा भुंकला. एकदाच.

हा कुत्रा तिचा जुना वैरी. सात नंबरवर मोकाट कुत्रा फिरतो, पक्षी उठवतो, अशा चार लेखी तक्रारी तिने कचेरीत दिल्या होत्या. पहारेकरी काठी घेऊन तीनदा शोधून गेला, कुत्रा काही सापडला नाही. चौथ्या वेळी पहारेकरी म्हणाला होता, "आत्या, तुमचा कुत्रा बहुतेक तुम्हालाच घाबरतो."

चीं चीं. भुक.

आत्या जागच्या जागी थिजली. पुन्हा चीं चीं, पुन्हा भुक. मध्ये तेवढाच वेळ, तेवढाच सूर, भुंकण्याच्या शेवटी तेवढीच घरघर. जगातला कुठलाच कुत्रा दोनदा सारखा भुंकत नाही. तीस वर्षं आवाज ओळखून पोट भरलेल्या बाईला हे कळायला आठ आठवडे लागले होते.

तिने हात पुढे केला तर हाताला कापड लागलं. झुडूप म्हणून ती ज्याच्याकडे आठ आठवडे बघत होती तो हिरव्या कापडाचा बुटका तंबू होता. तंबूच्या खिडकीतून तोफेएवढी लेन्स बाहेर आलेली, आणि शेजारच्या फांदीला मुठीएवढा स्पीकर टांगलेला; चीं चीं आणि भुंकणं, दोन्ही त्यातूनच. आत स्टुलावर गावातला दातांचा डॉक्टर बसला होता. गुरुवारी त्याचा दवाखाना बंद असतो, आणि ओढ्याच्या पात्रातून आत यायला फाटक लागत नाही.

"बाहेर ये," आत्या म्हणाली.

"हळू बोला हो. पक्षी येईल."

"कुठून येईल? तुझ्या डब्यातून? बाहेर ये आधी."

डॉक्टर गुडघ्यांवर रांगत बाहेर आला. "आत्या, तुम्ही. तुमची दाढ मीच काढली होती, आठवतंय?"

"मला काढताना दुखलं होतं तेही आठवतंय. हे काय लावलंयस?"

"आवाज लावलाय. आपल्या जातीचा आवाज ऐकून पक्षी जवळ येतो. सगळेच करतात."

"तो तुला भेटायला नाही येत. त्याला वाटतं, कुणी परका आपल्या जागेत घुसला. पिल्लांच्या तोंडचा घास टाकून तो भांडायला येतो. तुझ्या दवाखान्यात रोज कुणी माईकवर ओरडलं, दुसरा डॉक्टर आलाय, दुसरा डॉक्टर आलाय, तर दातांत तुझा हात नीट चालेल का?"

"पण येतोय कुठे," डॉक्टर वैतागून म्हणाला. "आठ गुरुवार बसतोय मी इथे. पाठीचं भजं झालं. एक शेपूट दिसली नाही."

"मग मरायला बसतोस कशाला इथे?"

"तुमच्यामुळे."

आत्याला वाटलं, आता याच्या कानाखाली एक द्यावी. पण डॉक्टर चेष्टा करत नव्हता.

"पहिल्या गुरुवारी मी सहज बसलो होतो. उठणारच होतो. दुसऱ्या दिवशी फळ्यावर वाचलं, सात नंबरवर तीन खंड्या दिसले. म्हटलं, आत्यांनी लिहिलंय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणून पुढच्या गुरुवारी आलो. मग फळ्यावर चार. मग पुन्हा आलो." तो थांबला. मग लेन्सवर हात ठेवून सावकाश म्हणाला, "आत्या, या लेन्समधून पलीकडच्या काठावरची मुंगी दिसते. मला एकही दिसला नाही. तुम्हाला चार कसे दिसले?"

तिने फांदीवरचा स्पीकर उपटला, ओढ्यात भिरकावला आणि चिखलाचे पाय घेऊन घरी आली.

घरी येताच तिने भांडी आदळायला सुरुवात केली. वहिनी खिडकीशी बसून जप करत होती. तिसरं पातेलं पडल्यावर तिने डोळे उघडले.

"कुणावर चाललंय?"

"त्या दातवाल्यावर. कचेरीवर. त्या मेल्या अधीक्षकावर. डबा लावून पाखरं मोजायला लावतात माणसाला."

सगळं ऐकून घेऊन वहिनीने विचारलं, "दिसलाच्या रकान्यात का लिहिलंस?"

"ऐकलं होतं मी."

"मग ऐकलाच्या रकान्यात लिहायचं."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"रकाने दोनच आहेत, त्यात कळायचं काय." वहिनीने माळ बाजूला ठेवली. "परवा तू निवडलेल्या तांदळातून मी मूठभर खडे काढले. चहा कपात कमी आणि बशीत जास्त असतो. मी आंधळी नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्याशी बोलायचं म्हणजे चिलखत घालावं लागतं. माझ्या मापाचं मिळत नाही."

आत्याने कोरा कागद ओढला. तिच्या डोक्यात एक वाट तयार झाली होती. आजच्या तारखेचा कागद भरायचा. सात नंबरवर शून्य, तीन नंबरवर चार, सगळे दिसलाच्या रकान्यात. पक्षी परत खाली आले, असं लिहायचं. काम थांबेल, पिल्लं वाचतील, किल्ली राहील, कुणाचं काही जाणार नाही. तिने कागद डोळ्यांजवळ नेऊन तीन नंबरपुढे पहिली काडी ओढली.

वहिनी बघत होती. तेच आत्याला सोसवेना.

"बोल ना. देवाचं काहीतरी बोल."

"देवाला कशाला मध्ये घेतेस. तू आज तीन नंबरवर थांबलीस का, एवढं सांग."

आत्याने कागदाचे तुकडे केले. मग तुकड्यांचे तुकडे केले. ते केराच्या टोपलीत टाकले आणि दार आपटून झोपायच्या खोलीत गेली. दुपारचं जेवण दोघींनीही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी ती पायरीवर बसलेली होती. उद्यानाचे अधीक्षक दमलेला माणूस. टेबलावर फायली, फायलींवर चहाचे गोल डाग. त्यांनी खुर्ची पुढे केली. आत्या उभीच राहिली.

"सात नंबरवर एकही खंड्या नाही. तो दातवाला आवाज लावतो. मी ऐकला आणि दिसला म्हणून लिहिला. आठ आठवडे. मला नीट दिसत नाही. सोमवारचं काम थांबवा."

अधीक्षकांनी चष्मा काढून डोळे चोळले. "आत्या, हे तुम्ही मला सांगायला नको होतं."

"का?"

"त्या काठावरून मागच्या महिन्यात एक बाई घसरल्या. मनगट मोडलं. वरून रोज विचारणा होते. आता मी काम थांबवायचं म्हटलं तर कशाच्या आधारावर? सात नंबरची तुमची मोजणी खोटी धरली, तर तीन नंबरची खरी कशी धरू? खालची दोन बिळंही तुम्हीच लिहिलीत. दुसऱ्या कुणी पाहिलेली नाहीत."

दुसरं कुणी नव्हतं, कारण दुसऱ्या कुणाला तिने टिकूच दिलं नव्हतं. अकरा वर्षांत जितके आले तितके तिने पळवून लावले होते, आणि त्यातल्या प्रत्येकाला दोन धड डोळे होते. हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःचाच संताप आला.

"मग तुम्ही बघा," ती म्हणाली.

"मला पक्ष्यांतलं काही कळत नाही."

"कळायची गरज नाही. डोळे आहेत ना? उठा."

"आत्या, माझी बैठक आहे."

"पिल्लांना सोमवारपर्यंतच मुदत आहे. उठा म्हणते ना."

अधीक्षक उठले. कदाचित बैठकीपेक्षा हे बरं वाटलं असेल, कदाचित भीतीच वाटली असेल. चकचकीत बूट चिखलात बुडवत ते तिच्या मागे तीन नंबरच्या खांबापाशी आले. समोर ओढ्याच्या वळणावर मातीचा उभा काठ होता. आत्याला तो तपकिरी धुक्याचा पट्टा दिसत होता, बस.

"आता दहा मिनिटं बोलायचं नाही. बूट वाजवायचे नाहीत. घड्याळ बघायचं नाही."

दहा मिनिटं गेली. काही आलं नाही. अधीक्षकांनी घड्याळ पाहिलं.

"बघू नका म्हटलं ना."

"आत्या, खरंच काही नाहीये इथे."

"तुम्हाला लहानपणी कुणी दहा मिनिटं गप्प बसवलं नाही, त्याचे हे परिणाम."

आणखी पाच मिनिटं गेली. मग पाण्यावरून एक बारीक, कापत जाणारा आवाज आला. आत्या ताठ झाली. या वेळी मागे कुत्रा नव्हता. तिने तेवढ्यासाठी आणखी एक श्वास थांबून पाहिलं.

"आला," ती कुजबुजली.

"कुठे?"

"मला विचारू नका. मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

अधीक्षक मान पुढे काढून बघू लागले. "ती वाळकी फांदी, पाण्यावर वाकलेली. निळं काहीतरी बसलंय. केवढंसं आहे हो. चोच मोठी. चोचीत मासा आहे."

"माशाचं डोकं कुणीकडे?"

"म्हणजे?"

"पक्ष्याच्या घशाकडे की बाहेर? नीट बघा. घाई करू नका."

"त्याने काय फरक पडतो?"

"मी विचारतेय तेवढं सांगा."

अधीक्षक बराच वेळ बघत राहिले. "बाहेर. शेपूट घशाकडे, डोकं बाहेर."

आत्याने श्वास सोडला. "स्वतः गिळायचा असता तर डोकं आत धरलं असतं. खवले घशाला लागू नयेत म्हणून. डोकं बाहेर म्हणजे तो दुसऱ्याच्या तोंडात जायचाय."

तेवढ्यात अधीक्षकांनी तिचा दंड पकडला. "गेला. मातीत शिरला. आत्या, सरळ मातीत शिरला तो." थोड्या वेळाने ते म्हणाले, "बाहेर आला. चोच रिकामी आहे."

"लिहा," आत्या म्हणाली. "तुमच्या हाताने. मी काडी ओढणार नाही."

त्यांनी खिशातल्या बैठकीच्या कागदामागे वेळ लिहिली, जागा लिहिली, मासा लिहिला. मग विचारलं, "तुम्हाला दिसला?"

"नाही."

"जरासुद्धा?"

"नाही म्हटलं ना. लिहा तेही."

कचेरीत परत आल्यावर अधीक्षकांनी आदेश तयार केला. तीन नंबरचं काम पिल्लं उडून जाईपर्यंत स्थगित. घसरणीच्या जागी तोवर दोर बांधावा. पिल्लं गेल्यावर काय करायचं ते त्यात नव्हतं. आत्याने विचारलं, तर ते म्हणाले, "एका दिवसात एवढंच जमतं, आत्या." तिला ते पटलं नाही आणि तिने तसं तोंडावर सांगितलं. मग अधीक्षकांनी दुसरा कागद घेतला, आठ आठवड्यांची मोजणी रद्द करण्याचा. तिने गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्यांनी ती लगेच उचलली नाही. तिने ती बोटाने त्यांच्याकडे सरकवली.

अधीक्षक लिहीत होते. लिहून झाल्यावर म्हणाले, "करा सही इथे."

"काय लिहिलंत?"

"नेहमीचंच. आठ आठवड्यांची मोजणी तांत्रिक कारणास्तव रद्द."

"कसलं तांत्रिक कारण?"

"आत्या, कशाला उगाच. अकरा वर्षं केलंत तुम्ही. कागद फायलीत जाईल, कुणी बघणार नाही."

"यंत्र बिघडलं होतं का?" आत्याचा आवाज चढला, बाहेरच्या बाकावरचा पहारेकरी उभा राहिला. "तंत्र कसलं त्यात? उद्या कुणी तो कागद वाचेल आणि म्हणेल, बाई बरोबर होती, काहीतरी यंत्राचं झालं. खोडा ते."

"मग काय लिहू?"

"मोजणाऱ्या बाईला दिसत नव्हतं, तरी तिने दिसलं म्हणून लिहिलं."

अधीक्षकांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. मग ओळ खोडली आणि वर आत्याचं वाक्य लिहिलं. आत्याने कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, उजेडाकडे वळवला. अक्षरं पांढुरक्या पडद्यामागे राहिली.

"वाचा," तिने कागद परत दिला.

त्यांनी वाचलं, हळू आवाजात.

"मोठ्याने वाचा. बाहेर ऐकू गेलं पाहिजे."

त्यांनी मोठ्याने वाचलं. पहारेकऱ्याने मान खाली घातली. आत्याने पेन मागितलं आणि म्हणाली, "सही कुठे करायची त्यावर बोट ठेवा."